अनुभव धागा: नेदरलँड्सच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतली तीन वर्षं

दर हिवाळ्यात मला ओळखीपाळखीतून फोन येतात. "मुलीला फिजिक्स आवडतं आणि इतिहासही. तिकडे दोन्ही एकदम शिकता येतं म्हणे, खरं का?" मी सांगते ते माझ्यापुरतं खरं असतं, पण समोरचा त्यावर मुलीचं भवितव्य ठरवायला बसलेला असतो. म्हणून हा धागा. तिथे शिकलेल्यांनी, शिकत असलेल्यांनी आणि मुलांना पाठवलेल्या आईवडिलांनी लिहावं. काय शिकलात, कसे राहिलात, काय जड गेलं. जड गेलेलं जरूर लिहा.

थोडी पार्श्वभूमी आधी देते. डच विद्यापीठात अठराव्या वर्षी साधारणपणे एकच विषय निवडावा लागतो. कायदा म्हणजे तीन वर्षं कायदाच. अकरावीलाच शाखा ठरवून मोकळ्या होणाऱ्या आपल्या घरांना यात नवल वाटायचं नाही. ही चौकट सैल करायला हान्स आद्रियान्सेन्स या समाजशास्त्रज्ञांनी १९९८मध्ये युट्रेख्तला देशातलं पहिलं युनिव्हर्सिटी कॉलेज काढलं. जागा मिळाली जुन्या लष्करी बराकींची. पुढे मिडलबर्ग (२००४), अ‍ॅमस्टरडॅम (२००९), द हेग (२०१०) अशी भर पडत गेली. तिथे वेगवेगळ्या शाखांचे विषय एकत्र घेता येतात. शिकवणं इंग्रजीतून, वर्ग लहान, आणि मुलं एकत्र राहणारी.

मी त्या बराकींच्या आवारात राहिले. पहिल्या सत्रातले माझे चार विषय: कॅल्क्युलस, कलेचा इतिहास, मानसशास्त्र आणि स्पॅनिश. वर्गात पंचवीस-सव्वीस जण, त्यामुळे मागच्या बाकावर लपायची सोयच नाही. शाळेत मी बोर्डाच्या उत्तरपत्रिकेसारखं लिहायला शिकले होते: व्याख्या, मुद्दे, निष्कर्ष. पहिला निबंध परत आला तो समासातल्या एका प्रश्नासह. "हे सगळं इतरांनी म्हटलंय. तुला काय वाटतं?" त्या प्रश्नाला उत्तर द्यायला मला सबंध सत्र लागलं. मला काही वाटत असेल, आणि ते कुणाला विचारावंसंही वाटेल, याची सवयच नव्हती.

आता तुम्ही लिहा.

*

मिडलबर्ग. मूळ गाव पेण तालुक्यात.

आमची शेती खाडीकाठची, खारी. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरकाठा हा मातीचा बांध आणि आतलं पाणी ओहोटीला सोडायला त्यात उघाडी, म्हणजे उघडमिट होणारं दार. उधाणात बांधाला खांड पडली की भातात खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं ते शेत नावापुरतं उरतं. आजोबा सांगायचे, पूर्वी सगळं गाव मिळून जोळ पद्धतीने बांध राखायचं. घरटी एक माणूस चिखलात उतरायचा. पुढे बांध सरकारकडे गेले आणि ती पद्धत मोडली.

हे मी प्रवेशाच्या निबंधात लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. इंजिनिअरिंग नको एवढंच ठरवून गेलो होतो.

मिडलबर्ग झीलंड प्रांतात आहे. झीलंड म्हणजे समुद्राचा मुलुख, आणि जमीन पुष्कळ ठिकाणी समुद्रसपाटीच्या खाली. आमचे वर्ग जुन्या गॉथिक नगरभवनात भरायचे. १९४०च्या मे महिन्यात ते जळालं होतं, नंतर पुन्हा उभारलं. पहिल्याच वर्षी आम्हाला पूर्व शेल्ट खाडीवरचा बंधारा दाखवायला नेलं. १९५३च्या जानेवारीतल्या शेवटच्या रात्री समुद्र आत घुसला आणि देशात १८३६ माणसं गेली, त्यानंतरच्या मोठ्या योजनेतला हा बंधारा, १९८६मध्ये पुरा झालेला. आधी खाडीचं तोंड कायमचं बंद करायचं ठरलं होतं. मासेमार आणि निसर्गप्रेमी रस्त्यावर उतरले, कारण भरती-ओहोटी थांबली असती तर कालवं-शिंपले सगळंच संपलं असतं. मग आराखडा बदलला आणि ६२ पोलादी दरवाजे बसवले. एरवी उघडे असतात, वादळात खाली येतात. मी तिथे वाऱ्यात उभा राहून मोठ्याने म्हणालो, "ही तर उघाडी!" शेजारी फिनलंडची एक मुलगी होती. तिने अर्थ विचारला आणि मी परतीच्या बसमध्ये तिला आमचं शेत कागदावर काढून दाखवलं.

त्यानंतर मी विषय निवडायला लागलो ते या एका प्रश्नाभोवती. मृदाशास्त्रात कळलं की खाऱ्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतं, छिद्रं बुजतात आणि निचरा थांबतो. म्हणून झीलंडमध्ये पुरानंतर शेतांत जिप्सम टाकलं होतं, त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. इतिहासात कळलं की इथली पाणी मंडळं तेराव्या शतकापासूनची आहेत. राज्यशास्त्रात कळलं की आजही त्यांची वेगळी निवडणूक होते आणि ती स्वतःचा कर लावतात. म्हणजे जोळच, फक्त कायद्याने सांभाळलेली. शेवटच्या वर्षीच्या प्रबंधासाठी उन्हाळ्यात पेणला आलो आणि आजोबांच्या वयाच्या अकरा जणांशी बोललो. एकाच विषयाच्या पदवीत मला मातीची परीक्षा करता आली असती किंवा माणसांना विचारता आलं असतं. इथे दोन्ही करता आलं, आणि दोन्ही प्राध्यापक एकाच टेबलापाशी बसून माझ्याशी भांडले.

आजोबांना प्रबंध मराठीत करून वाचून दाखवला. त्यांनी दोन चुका काढल्या. दोन्ही बरोबर होत्या.

*

आई आहे, नाशिकहून लिहितेय. मुलगा दुसऱ्या वर्षाला.

आधी पैशाचं, कारण ते कुणी नीट सांगत नाही. युरोपियन संघाबाहेरच्या मुलांची फी कितीतरी जास्त असते. शिवाय वर्षभराच्या राहण्या-जेवणाचे पैसे हाताशी आहेत हे आधी दाखवावं लागतं. कर्जासाठी बँकेत गेलो तर साहेबांनी विचारलं, इंजिनिअरिंग की मॅनेजमेंट? अर्जावर तिसरा रकानाच नव्हता. तीन खेपा घालून, अभ्यासक्रम छापून नेऊन समजावलं तेव्हा पुढे सरकलं. मुलगा काम करून भागवेल या भरवशावर राहू नका. तिथे आठवड्याला १६ तासच काम करता येतं किंवा फक्त जून ते ऑगस्ट पूर्णवेळ, आणि दोन्ही मालकाने परवाना काढला तरच.

दुसरं म्हणजे लोकांचे प्रश्न. "म्हणजे नक्की काय होणार तो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, वाईट वाटायचं. आता तो फोनवर सांगतो की एका स्वयंपाकघरात नऊ जणांचं चालतं, रविवारी बसून भांडणं मिटवतात, लेबनॉनच्या मुलाबरोबर त्याने हरभऱ्याच्या चार तऱ्हा करून बघितल्या. घरी पाण्याचा ग्लास उचलत नव्हता. मला अजूनही सांगता येत नाही तो काय होणार. पण कसा होतोय ते दिसतं.

*

शहर लिहीत नाही.

वरचे अनुभव वाचून आनंद झाला, पण माझं पहिलं वर्ष असं नव्हतं. गुण फक्त शेवटच्या परीक्षेवर नसतात. दर दोन-तीन आठवड्यांना निबंध, सादरीकरण, चाचणी. एखादा विषय गेला तर फेरपरीक्षा नाही, तो विषय गेलाच. त्यात आपल्या व्हिसावाल्यांची वेगळी धाकधूक: वर्षाच्या ६० क्रेडिट्सपैकी निम्मी मिळाली नाहीत तर राहण्याचा परवाना धोक्यात. आणि जिथे शिकायचं तिथेच झोपायचं. वर्गात ज्याच्यापुढे तोंड उघडलं नाही तोच रात्री दात घासताना शेजारी उभा. नोव्हेंबरात साडेचार-पाचला अंधार पडायला लागला तशी मी खोलीतून निघेनाशी झाले. सगळेच हुशार होते आणि सगळेच जमतंय असं दाखवत होते, हे मला फार उशिरा कळलं.

ट्यूटर म्हणून एक प्राध्यापिका नेमलेल्या असतात. मी दोन महिने त्यांना टाळलं, कारण आपल्याकडे मास्तरांकडे रडत जात नाहीत. शेवटी गेले. त्यांनी एक विषय कमी करायला लावला आणि समुपदेशकाची वेळ त्यांच्याच फोनवरून घेतली. जाणाऱ्या मुलामुलींनो, पहिल्या आठवड्यातच ट्यूटरना खरं सांगा.

*

द हेग, २०१९च्या सुमाराला तिथे होतो.

थोडक्यात लिहितो. राहायची जागा सेंट्रल स्टेशनला लागून, आणि ट्रामने काही मिनिटांवर पीस पॅलेस. फेब्रुवारी २०१९मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानने अटक केलेल्या कुलभूषण जाधवांच्या खटल्याची सुनावणी झाली. त्याच सत्रात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकत होतो. १९६३च्या व्हिएन्ना कराराचं ३६वं कलम, म्हणजे परदेशात अटक झालेल्याला आपल्या वकिलातीशी संपर्काचा हक्क, हे आम्ही पुस्तकातून वाचत होतो आणि भारताचे वकील हरीश साळवे तेच तिथे मांडत होते. वर्गात पाकिस्तानची एक मुलगी होती. आम्ही दोघांनी मिळून सादरीकरण केलं, आणि प्राध्यापकांनी अट घातली की तिने भारताची बाजू मांडायची आणि मी पाकिस्तानची. तयारीचे चार दिवस मला झोप नव्हती. घरी हे सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितोय. जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा तिचाच पहिला मेसेज आला.

*

मी मुळशीजवळच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजातून अ‍ॅमस्टरडॅमला गेले, त्यामुळे वेगवेगळ्या देशांच्या मुलांबरोबर राहायची सवय होती. सायकल मात्र शिकावी लागली. ज्यांना येत नाही त्यांनी जायच्या आधी शिकून घ्या, खरंच.

*

प्रश्न विचारायचा होता. मुलगी बारावीत आहे, तिला पुढे पदार्थविज्ञानात संशोधन करायचंय. इतके विषय घेतले तर मास्टर्सला अडणार नाही ना?

*

धागा काढणारी मीच पुन्हा.

ताई, अडू शकतं, आणि ते माझ्याच बाबतीत होता होता राहिलं. मलाही पदार्थविज्ञानच करायचं होतं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ट्यूटरनी मला हव्या असलेल्या मास्टर्सच्या प्रवेशाच्या अटी समोर ठेवल्या आणि म्हणाले, यातलं तू किती केलंस ते मोज. क्वांटम मेकॅनिक्स नव्हतं, प्रयोगशाळेचे तास अपुरे होते. कॉलेजात तो विषय त्या सत्रात नव्हता, तेव्हा मुख्य विद्यापीठाच्या वर्गात जाऊन केला, दीडशे डच मुलांत बसून. कलेच्या इतिहासाचा तिसरा पेपर सोडावा लागला. त्याची चुटपुट अजून आहे.

मुलीला सांगा, पहिल्याच महिन्यात तिला आवडतील अशा तीन मास्टर्सच्या अटी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवायला. त्या भागवूनही दर वर्षी एक-दोन विषयांची जागा उरते. ती तिने तिच्या इतिहासाला द्यावी. आणि गणित आत्तापासून कच्चं ठेवू नका, प्रवेशाच्या वेळी ते बघतात. तिला फोन करावासा वाटला तर मला निरोप पाठवा, रविवारी दुपारी मी मोकळी असते.