चॅसी बदलली की गाडी कुणाची उरली?

शिवडीकर

गेल्या रविवारी घाटवाला यांनी टाकलेला धागा बहुतेकांनी पाहिलाच असेल. १९५१ ची शेव्हर्ले ३१०० पिकअप, साताऱ्याकडच्या एका गोठ्यात सापडलेली. तिची केबिन, मडगार्डं आणि हौदा उचलून टाटा झेनॉन पिकअपच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवला. बावीस फोटो, आणि खाली ओळ: 'रूप आजोबांचं, दम नातवाचा.' लोकांनी बदाम उधळले. मी तिथेच लिहिणार होतो, पण वाढदिवसाच्या घरात जाऊन भांडू नये, म्हणून हा वेगळा धागा.

मला राग त्या ओळीचा आला. आजोबांचं रूप म्हणजे काय हो? आजोबांचा कोट आणि टोपी खुंटीवरून काढून नातवाला घातलीत, एवढंच झालं. आजोबा चॅसीत होते, २१६ घनइंचाच्या त्या सहा सिलिंडरच्या इंजिनात होते. त्याच्या कनेक्टिंग रॉडला खाली पळ्या असतात, त्या तेलात बुडून तेल उडवतात आणि बेअरिंगं भिजतात. पायाने स्टार्टर दाबला की आधी एक उसासा येतो, मग गाडी उठते. ते सगळं काढून डिझेलचा खडखडाट बसवलात.

शेव्हर्ले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ला सुरू झाला, १९५४ ला बंद पडला. माझे वडील तिथे जोडणीला होते, म्हणून हे नाव घेऊन लिहितो. तिथून निघालेल्या गाड्यांपैकी आज किती उरल्यात? त्यातली एक आणखी कमी झाली.

शिवाय एक हिशोब. ३१०० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच, म्हणजे २९४६ मिमी. झेनॉनचा ३१५०. मधले २०४ मिमी गेले कुठे? आणि मूळ चॅसीचं काय केलंत?

काडीपेटी

चहा टाकलाय, सावकाश येऊ द्या प्रतिसाद.

घाटवाला

वाढदिवसाच्या घरात भांडायचं नाही म्हणून शेजारच्या घरात लाउडस्पीकर लावलात, आभारी आहे.

२०४ मिमी चॅसीतून कमी केले. मधे कापून, आतून पट्टी घालून जोडली. वेल्डर ट्रकच्या बॉडीवरच आयुष्य काढलेला माणूस आहे, हौशी नाही.

आता आजोबांबद्दल. तीन वर्षांपूर्वी ही गाडी मी तुमच्याच पद्धतीने उभी केली होती. तेच इंजिन, सहा व्होल्टची बॅटरी, चारी चाकांना ड्रम ब्रेक. पुण्याहून येताना खंबाटकी चढलो, पलीकडे सुरूरच्या बाजूला उतरताना तिसऱ्या वळणावर ब्रेकचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. मागच्या चाकाच्या सिलिंडरचं रबर फाटलं होतं. ब्रेकच्या तेलाचं एकच सर्किट, त्यामुळे एक गेलं की चारी गेले. पहिल्या गिअरला सिंक्रो (दात जुळवून देणारी कडी) नाही, चालत्या गाडीत पडेचना. हँडब्रेक ओढून डोंगराच्या बाजूला मातीत घातली. शेजारी नऊ वर्षांचा मुलगा, बेल्ट नाही. तो घरी येईपर्यंत काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आईला विचारलं, 'बाबांची गाडी थांबते का गं?'

त्या उसाशाचं कौतुक त्यानंतर मला राहिलं नाही.

बापू ह्यूस्टन

घाटवाला, पोरगं सुखरूप ना, मग बाकी सगळं भरून निघतं.

इकडे हा प्रकार रोजचा आहे. १९४७ ते ५५ च्या शेव्हर्ले पिकअपखाली एस-१० ची (शेव्हर्लेचीच नंतरची लहान पिकअप) चॅसी सर्रास घालतात. लांब हौद्याच्या एस-१० चा व्हीलबेस ११७.९ इंच, म्हणजे जेमतेम दोन इंचांचा फरक. माझी १९५० ची तशीच आहे. पण 'बोल्ट काढा, बोल्ट लावा' असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. एस-१० ची चाकं आत असतात, मडगार्डाखाली गाडी पोटात पाय घेऊन बसल्यासारखी दिसते, म्हणून स्पेसर लावावे लागतात. चॅसी मागच्या आसावर वर उचललेली, त्यामुळे हौद्याच्या लाकडी फळ्या तीन इंच वर घ्याव्या लागल्या. केबिन चॅसीवर टेकायचे ठोकळे तर सगळे नव्याने केले. सोपं काम म्हणून घेतलेलं, चौदा महिने गेले.

पण आता मी तिच्यातून किराणा आणतो. शिवडीकर, तुमची ओरिजिनल वर्षातून किती किलोमीटर चालते?

शिवडीकर

चारशे. आणि चारशेच्या चारशे शेव्हर्लेत बसून.

दाढ दुखली म्हणून डोकं बदलायचं का, एवढंच विचारतोय. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवा. पुढच्या चाकांना ब्रॅकेट करून डिस्क लावा. बारा व्होल्ट करा. हे सगळं मूळ चॅसीवर होतं आणि उद्या काढूनही टाकता येतं. घाटातल्या प्रसंगाबद्दल खरंच वाईट वाटलं, पण तो प्रसंग रबराचा होता. साठ रुपयांच्या रबरासाठी अख्खी गाडी शिक्षा भोगतेय.

आणि मूळ चॅसीचं काय केलंत? दुसऱ्यांदा विचारतोय.

आरटीओग्रस्त

तुम्ही दोघं आजोबा-नातू करत बसा, कागदावर ही गाडी कोण आहे ते बघा.

आरसीवर जो चॅसी नंबर, ती गाडी. नंबर झेनॉनचा असेल तर ही झेनॉन आहे आणि तिचं अख्खं शरीर बदललंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी आरसीतला तपशील जुळेनासा होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आणि आरसी १९५१ ची चालवत असाल, तर मग खालचा नंबर कुठून आला, हा प्रश्न याहून वाईट.

व्हिंटेजचा २०२१ चा नियमही बघा. पन्नास वर्षांपुढची गाडी, व्हीए मालिकेचा नंबर, नव्या नोंदणीचे वीस हजार. पण अट अशी की चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे ही गाडी व्हिंटेजही नाही नि झेनॉनही नाही. ना घर का ना घाट का, आणि घाटाचं तर वर आलंच आहे.

(मी स्वतः एका जीपच्या पासिंगसाठी अकरा खेपा घातल्यात. त्यातल्या सात 'साहेब जेवायला गेलेत' यावर संपल्या. म्हणून हे आयडी.)

बापू ह्यूस्टन

इकडेही हा घोळ आहेच. ५१ च्या गाडीची नंबरपट्टी दाराच्या खांबावर, कित्येक जुन्या टायटलांवर (मालकीच्या कागदांवर) तर इंजिनाचाच नंबर, आणि खाली चॅसी तिसऱ्याची. पट्टी उचकटून दुसऱ्या गाडीवर ठोकणं हा इकडे फेडरल गुन्हा. पण नीट अर्ज केला तर 'जोडून बनवलेली गाडी' अशी नोंद मिळू शकते. जागा बदलली तरी...

आरटीओग्रस्त

हो, तुमच्याकडे सगळं मिळतं. आम्ही अर्ज केला तर आधी अर्जाचा नमुना मिळत नाही. 'नीट अर्ज केला तर' हे वाक्य तिकडून लिहायला फार सोपं आहे, बापू.

खारा वारा

चॅसीचं चालू द्या. मला रंगाबद्दल बोलायचंय. घाटवाला, तो लाल कुठून आणला? लग्नाच्या बँडची गाडी वाटते. सत्तर वर्षांची कातडी होती तिच्यावर. तिकडे अमेरिकेत लोक तो पॅटिना जपतात, वर नुसता क्लिअर (पारदर्शक कोट) मारतात.

घाटवाला

कातडी नव्हती, खरूज होती.

फिटर नाना

पॅटिना म्हणजे गंज ना? मग गंज म्हणा की. चाळीस वर्षं पत्रा ठोकतोय. गंजावर क्लिअर मारला की गंज आतल्या आत चरतो. वरून काचेसारखं दिसतं आणि दोन पावसाळ्यांत बोट आरपार.

खारा वारा

नाना, माझं घर वेंगुर्ल्यात समुद्रापासून दोनशे पावलांवर आहे. गंज मला शिकवू नका. आमच्याकडे बिजागरी पण पॅटिना करते. पण वरवरचा आणि पोखरणारा यात फरक आहे. छपरावर, बॉनेटवर जो तपकिरी येतो तो घासून, जवसाचं तेल लावून राखता येतो.

फिटर नाना

तेल लावा नाहीतर उटणं लावा. माझ्याकडे एक साहेब नवा पत्रा घेऊन आले होते, म्हणे जुना करून द्या. मीठ आणि व्हिनेगर फवारायचं, दोन दिवस उन्हात ठेवायचं. पैसे दिले, मी केलं. पण हात चालेना. आयुष्यभर जे काढलं ते पैसे घेऊन लावायचं!

सहा_व्होल्ट

तुम्ही निदान केलं तरी. माझी पद्मिनी एका गॅरेजात एकोणीस महिने पडून होती. दर शनिवारी 'लांबी सुकतेय', म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी. अहो, एकोणीस महिने कोणती लांबी सुकते? परत आली तेव्हा दारावर चुंबक धरला, चिकटेना. बोटभर लांबी भरलेली. पत्रा शोधायला कुदळ लागली असती. पॅटिनावाले, रंगवाले, सगळे एकच. चांगला मिस्त्री मिळत नाही हे खरं दुखणं आहे.

फिटर नाना

मिळतो. वेळेवर पैसे देणारा मिळत नाही.

खारा वारा

विषयाला फाटे फोडू नका. मुद्दा असा की खोटा पॅटिना वाईट, म्हणून खरा खरवडून काढायचा का? घाटवालांच्या दारावर जुन्या डेअरीचं नाव रंगवलेलं होतं, पहिल्या फोटोत अर्धं दिसतंय. ते पण लाल केलंत. चॅसी कुणाला दिसत नाही, ते नाव दिसत होतं. माझ्या मामाच्या गाडीवर आंब्याच्या बागेचं नाव होतं, रत्नागिरीला पेट्या न्यायची. चढावर क्लीनर खाली उतरून लाकडी ठोकळा घेऊन चाकामागे चालायचा. मामा गेला, गाडी भंगारात गेली, मी फक्त तो दाराचा पत्रा मागून घेतला. ओसरीवर टांगलाय. म्हणून तुमचं ते लाल दार बघून पोटात गोळा आला. शिवडीकरांना चॅसीचा आला असेल, मला दाराचा.

घाटवाला

...नावाचं माझं चुकलं. फोटो काढून ठेवलाय, पेंटरकडून परत लिहून घेईन. पण ते लिहिलेलं असेल, उरलेलं नाही. मान्य.

बँडच्या गाडीचा शब्द मात्र मागे घ्या.

खारा वारा

बरं, अग्निशामक दलाची.

काडीपेटी

चहा संपला, नाना कुठे राहतात ते सांगा, माझी पण लांबी सुकतेय.

फिटर नाना

मूळ विषयावर एक विचारू का? घाटवाला, चॅसी मधे कापली म्हणालात, सांधा कसा मारला? सरळ उभा, की तिरका?

घाटवाला

तिरका. आतून पट्टी, ती दोन्ही बाजूंना फूटभर पुढे. पट्टीची टोकं निमुळती केली, उभं वेल्डिंग कुठेच नाही.

फिटर नाना

मग माणूस जाणता आहे. सरळ मारला असता तर मी इथेच शिव्या दिल्या असत्या. तरी दर सहा महिन्यांनी खाली झोपून बघा. रंगाला केसासारखी रेघ दिसली की गाडी जागीच उभी करायची.

शिवडीकर

काम नीट केलंय असं दिसतं. (लिहायला जड गेलं.) पण नीट केलेली चूक ही जास्तच चांगली चूक असते. आणि मुलाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, ते तुमच्याकडेच राहू द्या.

आता तिसऱ्यांदा. मूळ चॅसी?

घाटवाला

सांगत नव्हतो कारण तुम्ही ऐकणार नव्हता. तीस वर्षं गाडी गोठ्यात, मागचा भाग गुरांकडे. मुताने लोखंड खाल्लं. मी आधी उभी केली तेव्हा वरून पट्ट्या मारून चालवत होतो. घाटानंतर खोलून बघितली तर मागच्या चार फुटांत पाटे (स्प्रिंगा) धरणारी जागाच राहिली नव्हती, टोचा मारला की पापुद्रे पडायचे. तुमचे डिस्क ब्रेक मी कशाला लावणार होतो?

काडीपेटी

गोमूत्राचे फायदे या विषयावर वेगळा धागा निघावा.

शिवडीकर

हे पहिल्याच दिवशी लिहिलं असतंत तर माझा अर्धा धागा वाचला असता.

घाटवाला

तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं असतंत, कोट-टोपी न काढता, तर लिहिलं असतं.

शिवडीकर

विचारलं होतं, शेवटच्या ओळीत. असो. भंगारात दिली?

घाटवाला

नाही. गोठ्यामागे विटांवर ठेवलीय, ताडपत्री घालून. इंजिन आणि गिअरबॉक्स त्यातच आहे. पुढचं सगळं ठणठणीत, रिव्हेटसुद्धा हलले नाहीत. विकायची नाही, आधीच सांगतो.

शिवडीकर

मी विकत मागितलेली नाही.

२०११ ला कुर्ल्याच्या भंगारातून मी ३१०० चा मागचा तुकडा उचलला होता. पाट्यांच्या ब्रॅकेटांसकट, साधारण पाच फूट. गच्चीवर आहे, बायको त्यावर गोधड्या वाळवते. तोही विकायचा नाही.

शिवडीकर

(अर्ध्या तासाने) केबिनच्या मागच्या ठोकळ्यापासून जिथे कुजलंय तिथपर्यंतचं अंतर मोजून कळवा. दोन्ही बाजूंचं वेगवेगळं. इंचात.