गिट अ‍ॅड स्टार केलं की इग्नोर केलेल्या फायलींवर एरर का? गुपचूप सोडून द्यायला हव्यात ना?

कमिटकर_२१
आमच्या रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये गिट अ‍ॅड आणि पुढे स्टार अशी एक ओळ आहे, म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या फायली गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) घे. परवापासून ती माझ्या मशीनवर तिथेच थांबतीये, कारण फोल्डरमध्ये डीबगची लॉग फाइल तयार होते आणि ती इग्नोरमध्ये, म्हणजे गिटने घ्यायच्या नाहीत अशा फायलींच्या यादीत आहे, मेसेज येतो की हे पाथ गिटइग्नोरमध्ये (ती यादी ठेवणारी फाइल) आहेत, खरंच टाकायचे असतील तर डॅश एफ (जबरदस्तीने घे) द्या. अरे पण फाइल इग्नोर केलीये याचा अर्थच ती सोडून दे असा होतो ना? स्टारऐवजी टिंब दिलं तर काही न बोलता सोडतं, मग इथेच का अडतं? आणि सहकाऱ्याकडे हीच स्क्रिप्ट बिनतक्रार चालते, तो म्हणतो डॅश एफ लाव आणि मोकळा हो. मला ते पटत नाहीये.

टर्मिनल_कट्टा
स्टार गिटपर्यंत पोचतच नाही. शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड वाचणारा प्रोग्राम, आधीच त्याच्या जागी सगळ्या फायलींची नावं भरतं, त्यामुळे गिटला वाटतं तू ती लॉग फाइल नाव घेऊन मागितलीयेस. टिंब दिलं की नाव कुठल्याच फाइलचं नसतं, गिट स्वतः फोल्डर धुंडाळतं आणि इग्नोरवाल्या फायली वगळतं. स्टार अवतरणात टाकलास तरी तेच होईल, कारण मग तो गिटच उलगडतं. तसंही स्क्रिप्टमध्ये उघडा स्टार नकोच, टिंबाने सुरू होणाऱ्या फायली त्यात येत नाहीत आणि त्याच फोल्डरमधून डिलीट केलेली फाइलही सुटते.

जुनी_फांदी
मी बरीच वर्षं सबव्हर्जनवर (एसव्हीएन, गिटसारखंच जुनं टूल) काम केलंय म्हणून सांगतो, गिट अडतं ते बरोबर आहे. तिथे एसव्हीएन अ‍ॅड स्टार केलं की इग्नोर केलेल्या फायलीसुद्धा आत जातात, नाव दिलंय म्हणजे हवीच असणार असं ते धरून चालतं, मर्क्युरिअल हे तसलंच आणखी एक टूलही नाव दिलेली फाइल विचारल्याशिवाय घेतं. आमची पासवर्ड असलेली कॉन्फिग फाइल अशीच आत गेली होती, पुढच्या कमिटमध्ये (बदलांच्या साठवलेल्या नोंदीत) काढली पण हिस्टरीत राहिलीच, शेवटी पासवर्ड बदलावे लागले. नाव हाताने टाइप केलंय की शेलने भरलंय हे टूलला कळायला मार्ग नाही, अशा वेळी थांबून विचारणं हेच शहाणपणाचं.

कमिटकर_२१
हे पटलं. पण मग बाकीच्या फायलींचं काय, त्या गेल्या की नाही?

टर्मिनल_कट्टा
गेल्या. खूप जुन्या व्हर्जनमध्ये एक फाइल इग्नोर निघाली की कुठलीच अ‍ॅड व्हायची नाही, आता बाकीच्या होतात पण एक्झिट कोड १ (कमांड फेल झाल्याची खूण) येतो, म्हणून तुझी स्क्रिप्ट थांबते. हे मला स्वतःला खटकतं, अर्धं काम करून फेल म्हणायचं म्हणजे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याची पंचाईत. इग्नोरवाल्या सोडून दे आणि यशस्वी म्हण असा सरळ ऑप्शन असायला हवा होता. सेटिंगमधून फक्त खालची सूचना बंद होते, कोड तोच राहतो.

जुनी_फांदी
आणि डॅश एफ स्क्रिप्टमध्ये कधीच नको!! तो एका फाइलपुरता नसतो, यादीत आलेलं सगळं आत ढकलतो, आणि एकदा फाइल ट्रॅक झाली, म्हणजे गिटच्या नोंदीत आली, की गिटइग्नोरचा तिच्यावर काहीच परिणाम नाही, दर वेळी तिचे बदल कमिटमध्ये येत राहणार. एखादी फाइल खरंच हवी असेल तर गिटइग्नोरमध्ये उद्गारचिन्ह आणि पुढे तिचं नाव अशी ओळ लिही, फक्त वरचा फोल्डरच इग्नोर असेल तर ती चालत नाही, मग फोल्डरच्या नावापुढे स्लॅश स्टार असं लिहावं लागतं. आधी गिट चेक-इग्नोर डॅश व्ही करून बघ, कुठल्या फाइलमधल्या कितव्या ओळीमुळे इग्नोर होतंय ते दाखवतं.

कमिटकर_२१
चेक-इग्नोर केलं आणि हादरलोच. ती ओळ आमच्या रेपोत (प्रोजेक्टच्या गिट फोल्डरात) नाहीच, माझ्या होम फोल्डरमधल्या ग्लोबल इग्नोरमध्ये (माझ्या मशीनवरच्या सगळ्या प्रोजेक्टना लागू होणाऱ्या यादीत) आहे, मीच कधीतरी टाकलेली. म्हणजे सहकाऱ्याकडे स्क्रिप्ट चालत होती कारण त्याच्याकडे ती फाइल इग्नोरच नव्हती, त्याची ब्रँच (त्याच्या कामाची वेगळी फांदी) उघडून बघितली तर डीबग लॉग दोन कमिटपासून आत बसलाय. नशीब, अजून मुख्य कोडमध्ये मर्ज झाली नव्हती. ओळ रेपोच्या गिटइग्नोरमध्ये टाकली, त्याला गिट आरएम कॅश्ड (फाइल डिस्कवर ठेवून फक्त गिटमधून काढणं) करायला सांगितलंय आणि स्क्रिप्टमध्ये स्टार काढून टिंब केलंय.