मदत हवी आहे: सगळ्यांनी सुचवलेलं संगीत एका पातळीवर कसं आणायचं?

सध्या कोण काय आवडीनं ऐकतंय, त्याची आम्ही वादक मिळून एक यादी करतोय. अडचण आवाजाची आहे. रॉकचे ट्रॅक −८ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं एकक) आसपास, एकल सतार −२० ला, म्हणजे बरीच हळू. पीक नॉर्मलाइज करून, म्हणजे प्रत्येक ट्रॅकचा सगळ्यात मोठा क्षण एका पातळीला आणून, भागत नाही. पीक दोन्हींचे आधीच ० डीबीजवळ, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेजवळ आहेत, फरक सरासरी पातळीत आहे. सगळं −१४ वर आणायचं तर सतार ६ डीबी वाढवावी लागते आणि मिजराबीचा (सतारीच्या नखीचा) आघात फाटतो. लिमिटर (मर्यादेबाहेर जाणारे पीक दाबणारं साधन) लावला की तोच आघात बोथट होतो, आणि खरी गोडी तर त्यातच! मग सगळंच −२० ला उतरवावं का? फोनवर आवाज पुरेल? शिवाय आलाप आणि जोड (एकाच रागाचा संथ भाग आणि त्यानंतरचा लयीतला भाग) वेगळ्या ट्रॅकवर असतील तर रिप्लेगेनचा (ट्रॅकची पातळी आपोआप जुळवणारी सोय) ट्रॅक गेन दोन्ही सारखेच करून टाकतो. मिश्र यादीत अल्बम गेन (अख्ख्या अल्बमची पातळी एकाच प्रमाणात बदलणारा) कुणी वापरलाय का? सेटिंगसकट सांगा.