पोलो जीटी टीएसआयले भंगारातला ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) लावला, दोन सेकंदात बंद पडून रायली. सोबतच रिमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवनं) करून घेऊ का?

दारव्हा_टीएसआय
राम राम मंडळी. पोलो जीटी टीएसआय हाय, १.२ टर्बो पेट्रोल, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), सेकंडहँड घेतलेली. कापसाच्या गोदामात उभी होती तर उंदरांनी वायरिंग कुरतडलं, मंग गाडी स्टार्टच होऊन नाई रायली. स्कॅनर लावला तर एबीएस बोलते, मीटर (डॅशबोर्डवरचा स्पीडोमीटर) बोलते, इंजिन काई बोलत नाई. मेकॅनिक म्हने ईसीयू गेला. त्यानं तुटलेल्या वायरा जोडल्या अन नागपूरच्या भंगारातून आनलेला दुसऱ्या पोलोचा ईसीयू लावला, दोन्ही कामं सोबतच. आता स्कॅनरवर इंजिन दिसते पन सेल मारला का इंजिन उठते अन दोन सेकंदात बंद. कोड पी१५७०.
तो म्हनते कोडिंग करा लागते. अन म्हनते का ईसीयू उघडूनच रायलो तर स्टेज १ (रिमॅपची पहिली पायरी) बी मारून घे, १०५ पीएसची गाडी १३० च्या वर जाते. जुना ईसीयू तो परत मागून रायला, बिलात कमी करतो म्हने. देऊ का? अन स्टेज १ आपल्याइकडच्या पेट्रोलवर, उन्हाळ्यात चालते का? गाडीवर लय जीव हाय, वाट लागाले नाई पायजे.

वणीचा_वायरमन
भाऊ, जुना ईसीयू कोनालेच देऊ नको, फुकट दुरुस्ती करून देतो म्हनला तरी नाई.
पी१५७० म्हंजे इमोबिलायझरनं (चोरी रोखनाऱ्या लॉकनं) इंजिन अडवलं. या गाडीत चावी, मीटर अन ईसीयू एकमेकाले ओळखतात, तिघांत एक परका आला का इंजिन उठते अन लगेच पेट्रोल-स्पार्क बंद होते. तुझा नवा ईसीयू दुसऱ्या गाडीच्या चेसिस नंबरले बांधलेला हाय, नुसतं कोडिंग करून तो तुझा होत नाई. तुझ्या जुन्या ईसीयूतला फ्लॅश अन ईप्रॉम (त्याच्या मेमरी) वाचून दुसऱ्यात जसाच्या तसा उतरवा लागते, त्याले क्लोन म्हनतात. जुना पूर्ण मेला असंन तर मीटरमधून इमोचा डेटा काढून करता येते, पन ते किचकट काम हाय अन सगळ्याले जमत नाई. म्हनून जुना डब्बा सोन्यासारखा जप.
आता खरी गोष्ट. मेकॅनिकनं वायर जोडनं अन ईसीयू बदलनं सोबत केलं, मंग इंजिन स्कॅनरवर कायच्यानं आलं हे कोनाले माहीत? जुन्या ईसीयूले सप्लाय नाईतर अर्थच भेटत नसंन तर तो बी असाच मुका रायला असता. बॅटरीची निगेटिव्ह काढ, जुना ईसीयू परत लाव, मंग निगेटिव्ह जोडून स्कॅनर लाव. तरी मुका रायला तर मल्टिमीटरनं फ्यूज, मेन रिले अन अर्थ पाह्य, पिनेवर लोड देऊन (करंट ओढून) पाह्य, नुसता व्होल्टेज दिसनं कामाचं नाई, कुरतडलेल्या वायरीतला एक तार बी १२ व्होल्ट दाखवते.
अन एक, त्या भंगारातल्या ईसीयूचा पार्ट नंबर पूर्ण वाच, शेवटची अक्षरं बी. मॅन्युअलचा डीएसजीले चालंनच असं नाई. बिल घेतलं का? चांगला कारागीर क्लोन कराच्या आधी आरसी अन बिल मागते, चोरीचा माल फिरते म्हनून, अन त्यानं मागाले पायजेच.

अकोट_व्हीआरएस
एवढी माथेफोड कायले, ट्यूनिंग बॉक्स लाव ना भाऊ, प्लग लावला का पॉवर येते.

नागपूर_मॅप
बॉक्सबद्दल आधी बोलतो. बॉक्स सेन्सरचा सिग्नल मधेच बदलून ईसीयूला बूस्ट (टर्बोनं दाबलेली हवा) कमी आहे असं खोटं सांगतो, मग ईसीयू टर्बोला जास्त बूस्ट मागतो, पण त्याच्या हिशोबात इंजिनवर लोड कमीच असतो. म्हणजे ज्यानं इंजिन वाचवायचं त्यालाच आंधळं करायचं. कुरतडलेल्या वायरिंगवर तर अजिबात नको.
आता स्टेज १. १.२ टीएसआयवर सॉफ्टवेअरनं फरक खरंच जाणवतो, टर्बो आहे म्हणून. बिनटर्बोच्या गाडीत एवढं काही हाती लागत नाही. पण ही डीएसजी म्हणजे डीक्यू२००, सात गिअर, ड्राय क्लच, कंपनीची टॉर्कची हद्द २५० न्यूटन मीटर. स्टॉक १७५ आहे, चांगली फाईल (ईसीयूत टाकायचं सॉफ्टवेअर) दोनशेच्या थोडी वर थांबते अन टॉर्क खालच्या आरपीएमला एकदम उभा करत नाही, कारण तिथंच क्लचही मरतो अन नॉकही (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकणं) होतं. फाईल करणाऱ्याला विचार की कितीवर थांबवतोस अन कोणत्या आरपीएमला. सांगता आलं नाही तर उठून ये.
पेट्रोलचं म्हणशील तर साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं होतं (ऑक्टेन जास्त तेवढा नॉक कमी), आता तुझ्या तालुक्याच्या पंपावर किती ऑक्टेनचं मिळतं ते विचार, भरवसा नसेल तर ९१ धरून चाल. म्हणून फाईल ९१ साठीच लिहून घे. पुण्या-मुंबईच्या ९५ च्या फाईली आपल्याकडे मे महिन्यात चालवल्या की चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४५ च्या वर पारा असतो, आत जाणारी हवा तापलेली, नॉक सेन्सर ओरडतो अन ईसीयू टायमिंग (स्पार्कची वेळ) मागे ओढतो. पॉवरचे पैसे दिले अन पॉवर मिळालीच नाही. शिवाय २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉलनं नॉक कमी होतो हे खरं, पण एवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, हवा-पेट्रोलचं १४.७ चं गुणोत्तर साडेतेराच्या आसपास येतं, फुल थ्रॉटलला इंजेक्टर अन हाय प्रेशर पंपावर ताण वाढतो. तुझी गाडी ई२० येण्याआधीची आहे हे विसरू नको.
फ्लॅश करताना (ईसीयूत फाईल टाकताना) बॅटरी सपोर्टर (व्होल्टेज टिकवणारा चार्जर) लावलाच पाहिजे. मधे व्होल्टेज पडलं की ईसीयू अर्धवट राहतो, मग बोर्ड उघडून बूट मोडनं उठवावा लागतो. मूळ फाईलची कॉपी स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये मागून घे.

दारव्हा_टीएसआय
जुना लावला. स्कॅनरवर आला अन पहिल्याच सेलले गाडी चालू!! पी१५७० गेला. अर्थची एक वायर नुसती पिळून टेप मारलेली भेटली, ते सोल्डर करून घेतो. वणीवाले भाऊ, लय उपकार. ईसीयू मेलाच नव्हता अन मी तो देऊन टाकत होतो.
स्टेज १ ची इच्छा अजून हाय.

वणीचा_वायरमन
वा! सोल्डर केलं का वर हीट श्रिंक चढव, मंग आख्खं लूम (वायरींचा जुडगा) तपास. गाडी गोदामातून काढ, नाईतर उंदीर परत येतीन. भंगारवाला ईसीयू इकू नको, तुझा डेटा उतरवून स्पेअर ठेव.

नागपूर_मॅप
आधी स्टॉकवर (कंपनीच्या मूळ फाईलवर) लॉग, म्हणजे सेन्सरच्या नोंदी, काढ: हवेचं तापमान, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग किती मागे येतं, मागितलेला अन मिळालेला बूस्ट, फ्यूल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतो), रेल प्रेशर (इंजेक्टरपाशी पेट्रोलचा दाब). स्टॉकवरच टायमिंग मागे येत असेल तर आधी प्लग, कॉइल अन कार्बन बघ. फुल थ्रॉटलचे लॉग डायनोवर (रोलरवर गाडी पळवून पॉवर मोजायचं मशीन), समृद्धीवर नाही. तिथं हद्द १२० ची आहे अन लोकांचे जीव जाऊन राहिले.
कागदाचंही बघ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं बदलावर बंधन आहे अन १८२ए मध्ये मालकाला एकेका बदलामागे ५००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद लिहिली आहे. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलं तर क्लेमच्या वेळी तेच पुढे करतात, आधी लेखी विचार.
लॉग इथं टाक, बघून सांगतो.