जुन्या पिनबॉलवर टिल्ट न होता टेबल कसं हलवायचं? (मदत हवी आहे)

मंडळी,
मालवणला आमच्या पडवीत गॉटलिब या अमेरिकन कंपनीचं सत्तरच्या दशकातलं, एकट्याने खेळायचं पिनबॉल मशीन आहे. काका बोटीवर होते, त्यांनी आणलेलं. आत चिप नाही. सगळा कारभार रिले, कॉइल आणि स्कोअर मोटरवर. खाऱ्या हवेने काळे पडलेले कॉन्टॅक्ट साफ करून घेतलेत, ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावलाय. मशीन ठणठणीत चालतं, अडतंय ते खेळताना. चतुर्थीला चाकरमानी आले की पडवीत स्पर्धा रंगते, आणि यंदा मला मनापासून चांगलं खेळायचंय.

पाच चेंडू मिळतात. डावीकडे ड्रॉप टार्गेटची (चेंडू लागला की खाली पडणाऱ्या पट्ट्यांची) रांग आहे. ती सगळी पाडली की खाली एका आउटलेनवर (कडेची वाट, जिथून चेंडू बाहेर जातो) 'स्पेशल'चा, म्हणजे फुकट गेमचा दिवा लागतो. मग दर दहा गुणांच्या ठोक्याला टक् आवाज होतो आणि दिवा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जातो. फुकट गेमसाठी या दिव्यामागे लागावं का? फ्लिपर (चेंडू वर मारायचे खालचे दोन हात) आखूड, मधली फट मोठी. जरा जोरात हलवलं की टिल्ट, म्हणजे तो चेंडू बाद. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद:
आधी काच काढून प्लेफील्डवर (चेंडू धावतो त्या फळीवर) गवंड्याची पाणसळ आडवी ठेवा. पडवीची जमीन उतरती असली तर चेंडू एकाच बाजूला ओढला जातो. पुढच्या बाजूला साधारण साडेतीन अंश उतार पुरे. चेंडू सावकाश येतो आणि धक्क्याला वेळ मिळतो.

टिल्टसाठी आत कडीत एक ओळंबा टांगलेला असतो. तो कडीला टेकला की चेंडू गेला. म्हणून चेंडू रबराला लागतो त्या क्षणी एकच तोकडा धक्का द्या आणि ओळंबा थांबेपर्यंत हात आवरा. लागोपाठचे दोन हलके धक्केही त्याला कडीपर्यंत नेतात.

डावीकडची टार्गेटं उजव्या फ्लिपरनेच मारा, पण चेंडू ताब्यात आल्यावर. फ्लिपर उचलून धरा, चेंडू कुशीत थांबू द्या, मग सोडून मारा. तो वेगाने अंगावर येत असेल तर फ्लिपर खालीच ठेवा. आपटून आपोआप पलीकडच्या फ्लिपरवर जातो. घाईत मारलेला चेंडू टार्गेटवर आपटून थेट फटीत येतो.

प्लंजर, म्हणजे चेंडू सोडायचा दांडा, हलक्यात घेऊ नका. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे दाखवायला १९७६ मध्ये रॉजर शार्प या खेळाडूने न्यूयॉर्कच्या नगर परिषदेपुढे आधी सांगून, प्लंजर ओढून चेंडू मधल्या लेनमध्ये घातला, आणि तिथली पिनबॉलवरची बंदी उठली. दांडा किती ओढला की चेंडू कुठल्या लेनमध्ये पडतो ते बघत राहा, हाताला सवय होते.

स्पेशलमागे लागू नका. चेंडू खाली येईपर्यंत रबरं दहा-दहा गुण देत राहतात, दिवा कुठे थांबेल ते हातात नसतं. चेंडू आउटलेनकडे निघालाच आणि दिवा त्याच बाजूला असला, तर मात्र वाचवायला धक्का देऊ नका, जाऊ द्या.