मासा धरून सोडायला गाईडला पैसे: शौक की पैशाचा माज?

घोडबंदरकर (धागाकर्ता)

ठाण्यात गळ टाकणाऱ्या हौशी लोकांचा आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एरवी तिथे कुणाला काय लागलं याचे फोटो असतात, सध्या भांडण आहे. आम्ही चौघे येत्या हंगामात हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर फ्लाय फिशिंगला निघालोय. उथळ समुद्रात गाईडबरोबर फिरायचं, मासा धरायचा, फोटो काढायचा, सोडून द्यायचा. यावर एकानं लिहिलं, "एवढे पैसे घालवून रिकाम्या हातानं परत येणार? त्यात वर्षभराची सुरमई झाली असती." दुसऱ्यानं लिहिलं, "गाईड लागतो म्हणजे मासेमारी येत नाही, असं सरळ म्हणा की." पहिलं मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्यावर मात्र बोलायचंय.

आधी प्रकार काय ते सांगतो. प्रवाळबेटांभोवती पांढऱ्या वाळूचे लांबच लांब सपाट पट्टे असतात, त्यांना फ्लॅट्स म्हणतात. भरतीला त्यांवर घोट्यापासून मांडीपर्यंत पाणी चढतं. पाण्याबरोबर बोनफिश नावाचा मासा वर येतो, वाळूत तोंड खुपसून कोलंब्या-चिंबोऱ्या हुडकतो आणि ओहोटी लागली की खोलात उतरतो. पाणी इतकं नितळ की तळ दिसतो. दिसत नाही तो मासाच. त्याच्या चंदेरी खवल्यांवर तळाचा रंग उमटतो, त्यामुळे पोलराइज्ड चष्मा लावूनही नवख्याला फार तर सावली सरकताना कळते. इथे आधी मासा बघायचा, मग गळ टाकायचा. आपण आमिष लावून खाडीकाठी गप्पा मारत बसतो, त्याच्या बरोब्बर उलटं.

गाईड होडीच्या मागच्या उंच फळीवर उभा राहून लांब काठीनं होडी पुढे रेटतो, इंजिन बंद. होडीचं नाक म्हणजे बारा वाजले. "दहा वाजता, पन्नास फूट, डावीकडे चाललाय" एवढं ऐकायचं आणि गळाची दोरी फेकायची. फ्लाय म्हणजे गरीला बांधलेली चिमूटभर पिसं आणि केस. तिला स्वतःचं वजन जवळपास नसतं, जाते ती जाड दोरीच्या वजनानं, त्यामुळे वारा समोरून असला की भल्याभल्यांची दोरी गळ्यात येते. फ्लाय माशाच्या थोडी पुढे पडायला हवी, डोक्यावर पडली की मासा पसार. आणि त्यानं तोंड लावलं की गळाची काठी उचलायची नाही, हातानं दोरी सरळ मागे ओढायची. ट्राउट धरलेली मंडळी नेमकी इथेच फसतात, कारण तिकडे काठी उचलायची सवय.

तर माझं म्हणणं असं की पैसे माशाचे नाहीत, त्या माणसाच्या नजरेचे आहेत. कुठल्या पट्ट्यावर पाणी किती वाजता चढेल, मासा कुठल्या नाळीतून आत येईल, सूर्य कुठे असला की तळ दिसेल, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. शिवाय मेलेला मासा एकदाच विकला जातो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझनं २००९ साली बोनफिश, टार्पन आणि परमिट हे तीन मासे कायद्यानं 'धरा आणि सोडा' करून टाकले, ते काही भूतदया म्हणून नव्हे. त्यात त्यांना कमाई दिसली.

बोला आता.

कळव्याचा_कट्टा

बाकी सगळं ठीक. आठवड्याला किती पडतात ते तेवढं शिताफीनं गाळलंय.

घोडबंदरकर

गाळलं नाही, धागा खर्चावर जाऊ नये म्हणून लिहिलं नाही. सेशेल्सच्या कॉस्मोलेडोसारख्या बेटावर एका माणसाचे आठवड्याला दहा हजार डॉलरच्या पुढे जातात. आम्ही त्याहून स्वस्तातलं बघतोय. तरी स्वस्त नाहीच.

दिवाळे_नाखवा

दादा, सगळं वाचलं. पाणी ओळखणारा माणूस लागतो, हे खरं बोललात. पण ते कौतुक सेशेल्सच्या गाईडचं, आणि आम्ही दिवाळ्याला, सारसोळ्याला तेच करतो तेव्हा आम्ही कोण, तर पुलाच्या कामात आडवे येणारे. भरतीला मासा खाजणात, म्हणजे काठच्या दलदलीत, चढतो आणि ओहोटीला उतरतो, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. त्याच हिशोबावर खुंट गाडून बोक्षी लावतो, पिशवीसारखं जाळं. उधाणाच्या मोठ्या भरतीला काय मिळणार, भांगाच्या लहान भरतीला काय, बोईट मासा कुठल्या कोपऱ्यात चरतोय, पाण्यावर नुसती रेघ उमटली तरी कळतं. आमच्या पाण्यात तर तळही दिसत नाही.

आता सोडण्याचं. जिताड्याचं पिल्लू आलं तर सोडावं, हे मला कळतं. पावसाळ्यात जून-जुलै मोठ्या बोटी किनाऱ्याला असतात, तेही कळतं, माशाला वाढायला वेळ द्यायचा असतो. पण ज्याला खायचंच नाही त्याच्या तोंडात गरी रुतवायची, दमेपर्यंत खेळवायचं, हातात धरून दात काढायचे आणि मग म्हणायचं, जा बाबा आता. याला आमच्यात मस्ती म्हणतात. म्हावरं ताटात येणार असेल तर त्याला हात लावा.

मांजरप्रेमी_नेरुळ

नाखवांना शंभर टक्के पाठिंबा, आणि हे मी शाकाहारी असून लिहितेय! स्वित्झर्लंडमध्ये सोडून द्यायच्याच इराद्यानं मासा धरणं २००९ पासून कायद्यानं मना आहे. धरलात आणि खाण्याजोगा असला, तर तो मारून न्यायचा. मला आधी हे विचित्र वाटायचं, पण त्यामागचा विचार साधा आहे: इजा करायची तर काहीतरी गरज हवी, आणि करमणूक ही गरज नव्हे. लिन स्नेडन यांच्या २००३ च्या संशोधनात ट्राउटच्या ओठांभोवती इजा टिपणारे मज्जातंतू सापडले. तेव्हा "माशाला काही कळत नाही" हे आता तरी कुणी म्हणू नये.

पापलेटमित्र_ऐरोली

ताई, तुमचा मुद्दा तुमच्या पानात शोभतो. पण इथे +१ द्यायला येणारे नव्वद टक्के लोक रविवारी कोलंबी सोलत असतील. ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून बर्फावर पडलेला मासा चालतो, आणि पाच मिनिटांत पाण्यात परत गेलेला चालत नाही? धागाकर्त्याच्या सहलीत चौघे मिळून जेवढे मासे दुखावतील, तेवढे आमच्या बाजारातल्या एका टोपलीत मरतात.

मांजरप्रेमी_नेरुळ

टोपलीतला मासा कुणाच्या तरी पोटात जातो. मी गरज म्हटलं होतं, संख्या नव्हे.

तिवराखाली

मी सागरी जीवशास्त्र शिकवते. दोन्ही बाजूंनी "सोडला" हा शब्द फार सहज वापरला जातोय म्हणून लिहिते.

सोडलेला मासा वाचलाच असं नाही. बोनफिशवर बहामात बरंच काम झालंय. दमवून, वर हवेत धरून सोडलेला मासा बऱ्याचदा तोल जाऊन कलंडतो. असे तोल गेलेले मासे शार्क किंवा बराकुडाच्या तोंडी जाण्याची शक्यता, तोल शाबूत असलेल्यांच्या मानानं सहापटीहून जास्त निघाली. म्हणजे तुम्ही हात हलवून निरोप दिलात आणि तो पुढच्या वळणावर संपला. तुम्हाला कळतही नाही, कारण तोवर तुम्ही फोटो बघत असता.

पण याच अभ्यासांतून उपायही निघाले. गरीच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमटून सपाट केलेला असावा, म्हणजे ती चटकन सुटते. मासा ताकदवान काठीवर लवकर आत घ्यावा, "खेळवण्यात" कसली आलीय मर्दुमकी. कोरड्या हातानं धरू नये, अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि तोच त्याचं जंतूंपासून रक्षण करतो. फोटो काढायचाच तर मासा पाण्यात ठेवून. आणि आजूबाजूला शार्क घुटमळू लागले तर तो पट्टा सोडून दुसरीकडे जायचं.

आता बघा, या शेवटच्या गोष्टीचा निर्णय कोण घेणार? पाहुणा तर एवढे पैसे भरून आलाय, त्याला मासे दिसतायत, तो हलणार नाही. गाईडच त्याला हलवू शकतो. म्हणून गाईड असावा असं माझं मत, नजरेसाठी नव्हे, "बास, चला" म्हणण्यासाठी. घोडबंदरकर, पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: शार्क आले तर तुमचा गाईड काय करतो? उत्तरात कां-कूं झाली तर दुसरीकडे बघा.

घोडबंदरकर

विचारतो. काटा सपाट करण्याची अट त्यांच्या माहितीपत्रकात आहे, शार्कबद्दल काही नाही.

वाशी_लोकल

नैतिकतेचं तुम्ही बघा, मी पैशाच्या वाटेनं येतो. "जिवंत मासा पुन्हा पुन्हा कमाई देतो" हे वाक्य अर्धं आहे. कुणाला देतो?

बहामातल्या अँड्रॉस बेटावर गाईड तिथलेच. स्वतःची होडी, स्वतःचं गिऱ्हाईक. बोनफिशची सगळ्यात गाजलेली फ्लाय 'क्रेझी चार्ली' तिथलीच, आणि हा चार्ली म्हणजे अँड्रॉसचा गाईड चार्ली स्मिथ. फ्लाय बांधली बॉब नॉहाइम या अमेरिकन पाहुण्यानं, नाव लागलं गाईडचं. बहामानं २०१७ साली नियमच केले: परदेशी माणसाला फ्लॅट्सवर मासेमारीला परवाना हवा, आणि एका होडीत दोन किंवा जास्त पाहुणे असले तर गाईड घ्यायलाच हवा. यावरून तिकडे कडाक्याचं भांडण झालं, कारण स्वतःच्या बोटीनं येणारे अमेरिकन आणि काही लॉजवाले खवळले. पण स्थानिक गाईडच्या बाजूनं बघा, पाणी आमचं, तर रोजीही आमची.

सेशेल्सच्या दूरच्या बेटांचं तसं नाही. तिथे गाव नाही, एक रिसॉर्ट किंवा एक बोट, आणि गाईडपैकी बरेच दक्षिण आफ्रिकेतून आलेले तरुण. उत्तम गाईड असतील, वाद नाही. पण "स्थानिकांच्या ज्ञानाला दाम" वगैरे तिथे लागू होत नाही.

तिसरा नमुना प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाचं किरितिमाती बेट. तिथल्या माणसांसाठी बोनफिश जेवणातला मासा आहे, पाहुण्यांसाठी सोडायचा. एकाच माशावर जाळंवाला आणि फ्लायवाला समोरासमोर. नाखवांनी जो प्रश्न काढला तो तिथे रोजचा आहे.

घोडबंदरकर

सेशेल्सबद्दल उलटंही म्हणता येईल. गाव नाही म्हणजे कुणाचं ताट आपण ओढत नाही. किरितिमातीला जायचं मी मुद्दाम टाळेन ते याचसाठी. आणि दक्षिण आफ्रिकेचा पोरगा तिथे हंगामच्या हंगाम राहून ते पाणी शिकला असेल, तर त्या शिकण्याला दाम नको?

कळव्याचा_कट्टा

मग एवढं लांब कशाला? ठाण्याची खाडी आहे, उथळ आहे, कोळी आहेत. नाखवा काठीनं होडी रेटतील, ऐरोलीहून फ्लेमिंगो बघायला बोटी सुटतातच, त्यात हेही जोडा. रोजगार इथल्या पोरांना!

पापलेटमित्र_ऐरोली

रोज खाडी बघतो म्हणून सांगतो, होणार नाही.

एक तर पाणी. फ्लॅट्सवर वाळू असते, आपल्याकडे चिखल. भरती-ओहोटीच्या ओढीनं तो सतत ढवळलेला, त्यात शहराचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची देणगी. बुडवलेला हात मनगटापुढे दिसत नाही, मासा बघून गळ कुठून टाकणार? चालत उतरायचं म्हणाल तर कमरेपर्यंत रुताल.

दुसरं म्हणजे कायदा. ऐरोली ते वाशीचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे हौसेची मासेमारी काढलीत तर "आम्ही सोडून देतो" हा बचाव चालणार नाही. कर्नाटकात कावेरीवर महसीर माशाचे कॅम्प असेच होते, मासा धरून सोडायचा, गाईड आजूबाजूच्या गावांतले. नदीचा तो भाग अभयारण्यात, त्यामुळे गळ टाकणं बंद झालं.

तिवराखाली

कावेरीच्या उदाहरणाला दुसरी बाजू आहे. कॅम्प होते तोवर नदीवर रोज माणसं असायची, त्यामुळे चोरून सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांवर वचक होता, असं तिथे काम केलेले लोक सांगतात. ते कॅम्प बंद करून महसीरचं भलं झालं असं मी तरी छातीठोकपणे म्हणणार नाही. ठाण्याच्या खाडीबाबत मात्र पापलेटमित्रांशी सहमत. तिथे पक्षी आहेत, त्यांना शांतपणे चरू द्या.

मांजरप्रेमी_नेरुळ

म्हणजे जिथे सोय नाही तिथे नको, आणि जिथे सोय आहे तिथे चालेल. तत्त्व कुठे गेलं?

वाशी_लोकल

तत्त्व स्वित्झर्लंडला.

दिवाळे_नाखवा

गाईड व्हायला आमची ना नाही. पोरं बारावी करून मॉलमध्ये उभी राहतात, त्यापेक्षा पाण्यावर असलेली बरी. पण पाहुण्यानं फोटो काढायचा आणि आम्ही मागे काठी धरून "शाब्बास साहेब" म्हणायचं, ते जमणार नाही. त्या चार्लीचं नाव लागलं फ्लायला, हे मात्र आवडलं.

घोडबंदरकर, तुम्ही जाऊन या. आलात की दिवाळ्याला या, अभयारण्याच्या बाहेर, पाहिजे तर कागद बघा. बोईटाचा थवा दाखवतो. टाका तुमचं पिसांचं. अट एकच, लागला तर सोडायचा नाही.

घोडबंदरकर

अट कबूल. पण नाखवा, बोईट गाळातलं आणि शेवाळातलं खाणारा, माझ्या कोलंबीसारख्या दिसणाऱ्या फ्लायकडे ढुंकून बघणार नाही. ऑस्ट्रेलियात लोक जिताड्यावर फ्लाय टाकतात. जिताड्याची जागा दाखवा.

दिवाळे_नाखवा

ती जागा मी मेव्हण्यालाही दाखवत नाही.