माळ्यावरचे जुने कोरे टायर: तुम्ही लावलेत का? काय झालं?

बाबा गेल्यावर साताऱ्याच्या घराचा माळा आवरताना त्यांनी आरएक्स १०० साठी घेऊन ठेवलेले दोन टायर निघाले. पुढचा २.५०-१८, मागचा २.७५-१८. गोणपाटात बांधलेले, गाडीला कधीच न लागलेले. रबराचे बारीक केससुद्धा तसेच. कडेवर शेवटचे चार आकडे ३११३, म्हणजे २०१३ चा ३१ वा आठवडा. गाडी मी परत रस्त्यावर आणतेय आणि बाबांनी आणलेलेच टायर लावावेत असं फार वाटतंय. ज्यांनी असे जुने पण न वापरलेले टायर लावले त्यांनी लिहा: किती वर्षांचा होता, कुठे ठेवला होता, पावसात कसा वागला. 'काही होत नाही' किंवा 'फेकून द्या' एवढंच नको, जरा सविस्तर लिहा.

चिपळूण

मी लावला आणि पडलो, म्हणून लिहितोय. दुकानात पडून राहिलेला सात वर्षांचा टायर निम्म्या किमतीत मिळाला. नक्षी पूर्ण, भेग एकही नाही. एप्रिल-मे छान गेले आणि मी निर्धास्त झालो. जूनच्या पहिल्या सरींत कुंभार्ली घाट उतरताना, ज्या वळणावर मी वर्षानुवर्षं त्याच वेगाने वळतो, तिथेच मागचं चाक घसरलं. ब्रेकला हातही लावला नव्हता. कॉलरबोन मोडलं, दीड महिना हात गळ्यात.

पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धुळीचा चिखल असतो हे मलाही माहीत आहे. पण पुढचं चाक त्याच चिखलातून गेलं आणि घसरलं नाही. घरी आल्यावर दोन्ही टायरांत नख रुतवून पाहिलं. पुढच्यात खूण उमटली, मागच्यावरून नख घसरून गेलं. एवढी साधी गोष्ट लावायच्या आधी केली असती तर!

नाशिक

माझा अनुभव चांगला आहे. स्प्लेंडरचा टायर, चार वर्षांचा, पलंगाखाली अंधारात, उभा ठेवलेला. लावला तेव्हा रबर मऊ होतं. १४ हजार किलोमीटर झाले, दोन पावसाळे निघाले, तक्रार नाही.

कोल्हापूर (टायरचं दुकान, २६ वर्षं)

ताई, आधी एक सांगतो. चार आकडे बऱ्याच टायरांवर एकाच बाजूला असतात, ते तुम्ही बरोबर वाचलेत. तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० च्या आधीचा. त्याचा विचारच करू नका.

टायर झिजला नाही म्हणून म्हातारा होत नाही असं नसतं. हवेतला ऑक्सिजन रबराला आतून कडक करत राहतो आणि ओझोन वरून भेगा पाडतो. कंपनी रबरात मेणासारखा पदार्थ घालते. चाक फिरताना रबर वाकतं, तेव्हा तो वर येऊन थर धरतो. पडून राहिलेल्या टायरला ती हालचालच मिळत नाही. म्हणून कुठे ठेवला होता हे मी वर्षाआधी विचारतो. एकदा एक गिऱ्हाईक पाच वर्षांचा कोरा टायर घेऊन आलं. वेल्डिंगच्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेला. वेल्डिंगच्या ठिणगीने ओझोन तयार होतो, वर पत्र्याची उष्णता. रिमवर चढवायला पट्टी घातली आणि कडेची बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी तारेची कड, माझ्या हातात चिरली. तो टायर वरून नव्यासारखाच दिसत होता.

तुमचे टायर वाकवून बघा. नक्षीच्या खाचा उघडतील, तळाशी केसासारख्या रेघा आहेत का ते उजेडात पाहा. बीडही चहूकडून पाहा. आणि त्याच काळातली ट्यूब निघाली असेल तर ती वापरू नका, व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते.

स्टुटगार्ट, मूळचा सांगलीचा

इथे नीट ठेवलेला, न वापरलेला टायर तीन वर्षांपर्यंत अगदी ताजा समजतात आणि पाच वर्षांपर्यंत नवा म्हणून विकतात. मी साडेतीन वर्षांचा घेतलाय, उत्तम चालतोय. मिशेलिनचा सल्ला असा आहे: वापरात पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी झीज नसली तरी बदला. बारा वर्षांचा टायर मी तरी लावणार नाही. त्यातही आपल्या माळ्यावर मे महिन्यात काय उकडतं ते आठवा.

लातूर

चेतकची स्टेपनी. बारा वर्षं जागची हलली नव्हती. औशाच्या रस्त्यावर पंक्चर झालं म्हणून लावली. बायको मागे, धाकटा पुढे उभा. वीसेक किलोमीटरवर गाडी डुलायला लागली. उतरून पाहिलं तर टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा. तिथून ढकलत आणली. मुलाला पुढे उभं केलं होतं, ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. स्टेपनीचा टायरही आलटूनपालटून वापरा हो.

साताऱ्याहून पुन्हा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दोन्ही टायर अंगणात आणून उन्हात वाकवले. पुढच्यात काही दिसलं नाही, पण नख रुतत नाही. मागच्याच्या खाचांत तळाशी रेघा आहेत, एका जागी तर बोटभर लांब. आईला दाखवल्या. ती म्हणाली, "त्यांनी स्वतः पाहिल्या असत्या तर लावू दिले असते का तुला?"

दोन्ही नवीन घेतले, ट्यूबसकट. टायरवाल्याकडे आधी चार आकडे पाहिले, तीन महिन्यांपूर्वीचे निघाले. नवा टायर सुरुवातीला निसरडा असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर कोरड्या रस्त्यावर सावकाश चालवतेय. साठ झाले. जुन्याच्या आत बाबांच्या अक्षरातली किमतीची चिठ्ठी होती, ती नव्या बिलाबरोबर गाडीच्या कागदांत ठेवली आहे.